अंगठा माझाच होता म्हणे

‘आधी हात धुऊन या,’ बँकेच्या काउंटरवरचा साहेब बोलला. रांगेतली माणसं हसली.

मी हात धुऊनच गेलेले. साबण लावून, वर लिंबू चोळून. मी कोपरीच्या बाजारात मासळी विकते. आई विकायची, तिची आईपण. वास जात नाही. तरी मी पासबुक पुढे केलं. गरज माझी होती. सकाळी मोबाईलवर मेसेज आलेले, खातं रिकामं झालं म्हणून.

आम्ही कोळणी चार पैसे सुटले की सोनं करतो. मीपण करायची. मग बँकेची मॅडम बाजारात यायला लागली. ‘मावशी, घरात चोरी होते. बँकेत कोण हात लावणार?’ मला पटलं. सुटेल ते खात्यात टाकत गेले. मुलीला नर्सिंगला घालायचं होतं.

साहेबानं कॉम्प्युटरमध्ये बघितलं. ‘आधार नंबर आणि अंगठा लावून काढलेत. अंगठा तुमचाच आहे.’

‘कुठे काढले?’

त्यानं एका गावाचं नाव घेतलं. मी ते कधी ऐकलंपण नव्हतं.

‘मशीन खोटं बोलत नाही, मावशी. घरात विचारा. मुलगा पितो का तुमचा?’

सगळ्यांसमोर. मला मुलगाच नाही.

मग ओळख पटवायला त्यानं अंगठ्याचं मशीन पुढे केलं. लावला. लाल दिवा. पुसून लावला. परत लाल. बर्फात, खवल्यांत हात घालून बोटांवर रेषा राहिल्यात कुठे. रेशनच्या दुकानातपण माझं हेच होतं.

‘तुमचा अंगठा लागत नाही,’ तो वैतागला.

माझं डोकं तिथे फिरलं. ‘इथे मी उभी आहे तरी लागत नाही. मग तिथे मी नसताना कसा लागला?’

आता कोणी हसलं नाही. साहेब खाली बघून बोलला, ‘ते वरचे बघतात. घरातल्याच कोणी काढले असतील असं लिहून द्या, म्हणजे मिटेल.’ आणि कागद नि शाईचं पॅड माझ्याकडे सरकवलं.

मला सही येते. सातवी शिकलेय मी. पण त्या कागदावर सहीपण केली नाही.

‘खोटं लिहून देणार नाही. मी सांगते तशी तक्रार लिहा आणि शिक्का मारून द्या.’

मागची माणसं कुरकुरायला लागली. मी हलले नाही. शिक्का घेऊनच निघाले.

पुढे पोलिसांकडे गेले. सायबरच्या हवालदार बाईंनी सांगितलं, कुठल्यातरी कागदावरचा ठसा उचलून रबरावर नक्कल करतात. आधारच्या अंगठ्याला मोबाईलवरून कुलूप घालता येतं. हे बँकेच्या मॅडमनं मला कधी सांगितलं नव्हतं. पैसे टाकायला तेवढं सांगितलं.

पैसे अजून आलेले नाहीत. राहिलेल्या पाटल्या मोडून मुलीची फी भरली. बँक बोलते, चौकशी चालू आहे. मुलगी बोलते, ‘आई, सोड ना आता.’

सोडणार नाही. खातंपण बंद करणार नाही. दर सोमवारी जाते, त्याच काउंटरला. माझे पैसे त्यांच्या ताब्यात होते. ते कसे गेले याचा जबाब त्यांनी द्यायचा, मी नाही. देईपर्यंत मी जाणार.