वाघदेवाची खीर

गुळाची खीर तळाला लागली की तो धुरकट गोड वास मला हरसूलच्या पलीकडच्या आडरस्त्यावर नेतो. दिवाळीच्या तोंडावर आम्ही नवराबायको नाशिकहून फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या जागा बघायला निघालो होतो, पण मी एकही धड बघितली नव्हती, फोटो काढला की हा लगेच म्हणायचा, "चल, पुढचं राहील." एका वळणावर सागाखाली वाघ, चंद्र, सूर्य कोरलेला, शेंदूर फासलेला लाकडी खांब दिसला. वाघबारस होती, आणि गुराखी तिथंच चूल मांडून बसले होते. "आमची गुरं खाऊ नको म्हणून वाघदेवाला खीर," त्यांच्यातली म्हातारी म्हणाली, "होतच आली हाय, खाऊन जा." हा बोटावर किल्ली फिरवत उभा. "अगं, सूर्यास्त हुकेल!" मी घाईने चुलीत आणखी एक लाकूड सारलं. म्हातारीने ते शांतपणे मागे ओढलं. "जाळ नको वाढवू, तळाला लागंल." मी त्याला म्हटलं, "तू जाऊन ये," आणि तो खरंच गेला. गाडीचा आवाज विरेपर्यंत मला बसवेना. मग पळसाच्या पानावर खीर आली, बोटं भाजत होती तरी मी सावकाश खाल्ली. अंधारात गाडीचे दिवे दिसले तेव्हा कळलं, मी एकदाही त्याची वाट पाहिली नव्हती. आता मी एकटी राहते, कुठे पोचायचं नसतं. तरी गॅस मोठाच ठेवते, आणि जाळ मागे ओढायला कुणी नाही.