डाव्या मडगार्डाचा पोचा

माझ्या बायकोची भाची म्हणजे माणसाच्या पोटी जन्मलेला पाना आहे. हे मी रागानं म्हणत नाही. गाडीच्या पोटात डोकं घालून एवढ्या सुखानं हसणारं दुसरं माणूस मी आख्ख्या लातूर जिल्ह्यात पाहिलं नाही, अन् मी उभा जन्म टॅक्सी चालवून काढलाय. ती नांदेडला कामावर गेली त्या दिवशी दुपारी आम्ही दोघांनी मिळून शेवटचं जे काम केलं ते म्हणजे गाडी धुतली. उजवी बाजू तिच्याकडं, डावी माझ्याकडं. ती पाणी कमी अन् बोलणं जास्त वापरत होती. डाव्या मडगार्डावर फडकं फिरवताना माझा हात एका जागी थांबला. पण ते नंतर सांगतो. आधी पोरगी सांगितली पाहिजे, नाहीतर हात का थांबला ते कळायचं नाही.

ती माझ्या बायकोच्या धाकट्या भावाची पोर, इस्लापूरची. शाळा किनवटच्या होस्टेलात राहून, मग नांदेडला आयटीआय, मोटार मेकॅनिकचा ट्रेड. वर्गात ही एकटीच मुलगी. मागच्या उन्हाळ्यात माझी बायको गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मुरुडला आमच्या दारात मंडप, सगळे पांढऱ्या कपड्यात बसलेले, भंते बोलत होते, अन् ही पोरगी कुठं दिसेना. तिची आई घाबरली. शेवटी सापडली घरामागं. माझी जुनी अँबॅसिडर तिथं कडुलिंबाखाली कैक वर्षं उभी होती. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या, बायको मागच्या सीटवर वाळवणं ठेवायची. पोरगी त्या गाडीखालून सरपटत बाहेर आली. पांढरा ड्रेस काळा ठिक्कर. म्हणाली, "मामा, इंजिन जाम झालेलं न्हाई. हँडल मारलं तर फिरतंय अजून." त्या दिवशी सकाळपासून जो तो येऊन मला काय संपलं तेच सांगत होता. अजून काही फिरतंय असं सांगणारी ही एकटीच. मी म्हणालो, ऱ्हा मग. ती राहिली.

राहिली म्हणजे माझ्या स्वयंपाकघरासकट गाडीखाली राहायला गेली. मसाल्याचा डबा बायको गेल्यापासून मी उघडला नव्हता. हिनं एका सकाळी तो उघडला, हळद-मोहरीच्या पुड्या बांधून फळीवर ठेवल्या, अन् मोहरीच्या वाटीत वॉशर, जिऱ्याच्या वाटीत स्क्रू, हळदीच्या वाटीत कार्बोरेटरचं बारीक सामान भरलं. मी सवयीनं डब्यात हात घातला अन् तापल्या तेलात चिमूटभर वॉशर सोडले. तडतडले नाहीत म्हणून कळलं. ती धावत आली, कढईत बघितलं अन् म्हणाली, "बरं झालं मामा, गंज तरी सुटंल." ते तेल तिनं गाळून दारांच्या बिजागऱ्यांना घातलं. पुढं इंजिन चालू झालं तेव्हा तिच्या आत्याचं, म्हणजे माझ्या बायकोचं, लाटणं उचललं. एक टोक इंजिनला टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं अन् डोळे मिटून ऐकायचं, डॉक्टर नळी लावतो तसं. दुपारी झोपायचीसुद्धा गाडीखालीच, पाय तेवढे बाहेर. गल्लीतल्या एका म्हातारीनं ते पाय बघितले अन् गाडीखाली पोरगी मेली म्हणून गळा काढला. खालून आवाज आला, "मावशी, जरा हळू रडा. आत्ता कुठं डोळा लागला होता."

सामानासाठी नांदेडच्या भंगार बाजारात जायची. एकदा गाडीचं आख्खं दार घेऊन एसटीनं आली. कंडक्टरनं मला मुरुडच्या स्टँडवर स्वतः सांगितलं, तुमची पोरगी दार मांडीवर घेऊन काच खालीवर करत बसली होती. त्यानं हटकलं तर म्हणे, "काका, मला खिडकीची सीट भेटली न्हाई, म्हणून मी माझी खिडकी घेऊन आले." लगेजचं तिकीट त्यानं फाडलंच, पण दार उतरवायला हातही लावला.

आता पोचा. डाव्या मडगार्डाला एक पोचा होता, भाकरीएवढा. गावाला विचाराल तर तो शेजाऱ्याच्या बैलानं धडक मारून पाडलेला. तसं माझ्या बायकोनंच पसरवलं होतं. खरं असं की, गाडी चालती होती तेव्हा एका दुपारी बायको म्हणाली, मला चालवायचीय. घरामागच्या मोकळ्या जागेत मी तिला स्टेअरिंगवर बसवली अन् माझ्याच गाडीत पहिल्यांदा डावीकडं बसलो. बसलो तसं तोंड सुरू केलं. क्लच सोड, ब्रेक दाब, इकडं घे, हळू, झाड हाय. ती म्हणाली, "तुम्ही गप बसा वो, मग जमतंय मला." मी काही गप बसलो नाही अन् गाडी लिंबाला भिडली. उतरून तिनं आधी झाड बघितलं, मग मडगार्ड, मग माझं तोंड, अन् पदर तोंडाला लावून हसत सुटली ती खाली बसेपर्यंत. संध्याकाळी लोकांनी विचारलं तर बैलावर ढकलून मोकळी. शेजारी बिचारा गूळ घेऊन माफी मागायला आला. गूळ हिनं ठेवून घेतला. पण तो बैल जगला तोवर रोज त्याला हिच्या हातची एक भाकरी असायची. मला बजावलं होतं, कुणाला सांगायचं न्हाई. मी सांगितलं नाही. तिचे फोटो आहेत घरात, सगळ्यात ती तोंड मिटून, मतदान कार्डाच्या फोटोला उभी राहिल्यासारखी. ती तशी हसली होती याची खूण म्हणजे तेवढा एक पोचा.

पोरीनं इंजिन केलं, सीटा शिवून घेतल्या, कुजलेला पत्रा बदलला. पोचा अन् रंग तेवढा राहिला. नांदेडच्या एका गॅरेजवाल्यानं तिला सांगून ठेवलं होतं, एक गाडी एकटीनं पुरी उभी करून दाखव, मग कामाला घेतो. त्याच्याआधी जे भेटले त्यांनी तिला सीटा पुसायला अन् चहा आणायला ठेवतो म्हणून सांगितलेलं. ह्यानं फोनवर व्हिडिओ बघितला अन् म्हणाला, इंजिन झ्याक आहे, आता तो पोचा काढ, मला पत्र्यावरचा हात बघायचाय. मी म्हणालो, तेवढा राहू दे. ती म्हणाली, "मामा, माझी पहिली गाडी हाय ही. लोक म्हणतील, बैलाला भ्याली." मी तिची हातोडी ज्वारीच्या कणगीत लपवली. ती तिला दळण काढताना सापडली. मग मी तिला नको असलेल्या रबरासाठी लातूरला पाठवलं, तर पोरगी एकाच्या जागी दोन घेऊन आली. मामा नको म्हणतोय म्हणून मडगार्डाला हात लावायची नाही. पण फोन वाजला की नांदेडचा असेल म्हणून पळायची, अन् नसला की परत येऊन लिंबाखाली मुकाट बसायची. तिचं सगळं पुढं पडलेलं, अन् माझ्यापायी ती एका पोच्याशी अडकून बसलेली.

एका सकाळी मी कपडे घातले. म्हणालो, लातूरला डोळे दाखवायला जातो, संध्याकाळ होईल. तोवर तुझं पत्र्याचं उरकून घे. डॉक्टर म्हणाला, डोळ्याला काही झालेलं नाही. ते मला घरूनच ठाऊक होतं. परत आलो तर मडगार्ड सपाट, अन् पोरगी समोर उभी, नाकाला पत्र्यात भरायची लांबी लागलेली. "मामा, बैल हारला." मी म्हणालो, बेस केलंस. अन् बेसच केलं होतं. पुढं रंग चढला तशी डोळ्याला जागा सापडेनाशी झाली. हाताला सापडायची.

त्या दुपारी धुताना हात थांबला तो तिथं. पलीकडून ती म्हणाली, "काय झालं मामा? खड्डा राहिला का?" मी म्हणालो, तोच तर राहिला नाही. अन् मग सगळं सांगत गेलो, लिंब, बैल, गूळ, भाकरी. बायकोचा शब्द मोडला. भाचीला सांगितलेलं तिला चालेल, असं मीच ठरवून टाकलं. पोरीच्या हातातल्या फडक्याचं पाणी तिच्या पायावर गळत होतं. लिंबाकडं बघत हळूच म्हणाली, "परत पाडून देऊ का? तसाच्या तसा पाडते, मला जमंल."

ती थट्टा करत नव्हती. मी हाव म्हणालो असतो तर आत जाऊन हातोडी घेऊन आली असती, आपल्या पहिल्या गाडीला.

"पोचा पाडशील गं पोरी," मी म्हणालो, "आत्याचा क्लचवरचा पाय कुठून आणशील?"

मग राहिलेली गाडी धुतली. दोघांनी डावीच बाजू.

संध्याकाळच्या एसटीनं ती गेली. जाण्याआधी मसाल्याचा डबा घासून हळद-मोहरी जिथल्या तिथं भरून ठेवली होती. लाटणं तेवढं मागितलं. मी म्हणालो, ने, भाकरीला लाटणं लागत नाही. तिला खिडकी मिळाली. एसटी हलली तशी डोकं बाहेर काढून ओरडून सांगत होती, रोज सुरू करत जा मामा, बॅटरी उतरंल.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेतला अन् घरामागं गेलो. किल्ली फिरवली, इंजिननं एका झटक्यात घेतलं. मग मी उतरलो, वळसा घालून डावीकडचं दार उघडलं अन् तिथं बसलो. स्टेअरिंगची सीट मोकळी होती. समोर लिंब. हळू घे, झाड हाय, असं अगदी ओठावर आलं होतं. म्हणालो नाही. गप बसलो.