मोगऱ्याची सोबत

समोरच्या घरातल्या वहिनी सकाळी चहाच्याही आधी ओलं फडकं घेऊन पायरीवरच्या मोगऱ्याची पानं पुसायच्या. पुंडलिकनगरच्या आमच्या गल्लीत दिवसभर गाड्यांचा धूर. फडकं रोज काळं निघायचं.

कन्नडला माहेरी गेल्या की येताना पिशवीभर शेतातली माती आणून कुंडीत घालायच्या. त्या मातीत केसासारखे पांढरे धागे असत. ही बुरशी मुळांना अन्नपाणी पुरवते, असं मी कुठंतरी वाचलेलं त्यांना सांगितलं.

"म्हंजी सोबत हाय की त्याला!" त्या खूश झाल्या.

पण इथल्या धुरात-धुळीत ती माती थोड्याच दिवसांत राखेसारखी व्हायची. धागे दिसेनासे होत, आणि कळ्या उमलायच्या आधीच गळत.

"एकट्यानं किती झुरावं त्यानं?" म्हणत परवा त्या कुंडी मांडीवर घेऊन एसटीत बसल्या. काल रिकाम्या हातानं परतल्या.

आज सकाळी त्या मोकळी पायरीच पुसत होत्या. मधेच खोकल्याची उबळ आली.

"वहिनी, तुम्हीपण राहायचं होतं तिथं थोडे दिवस," मी म्हणालो.

"झाडाला ठेवून घेतलं भावानं," फडकं पिळत त्या म्हणाल्या. "मला कोण ठेवून घेतंय?"