पिवळ्या टोपीतला माणूस

वरकुट्याचा सोपान पानमळ्यात उतरण करायचा. विड्याच्या पानाची वेल वर्षभर शेवरीच्या झाडाच्या आधारानं चढत राहते, हाताबाहेर जाते. मग तिला सोडवून खाली आणायची, उघडं पडलेलं खोड वेटोळं करून मातीत पुरायचं आणि शेंडा पुन्हा नव्यानं झाडाला बांधायचा. हात जड असेल तर वेल मोडते. सोपानचा हात हलका होता. बोलणंही हलकंच. चहाच्या टपरीवर तो थांबत नसे, कुणाच्या भांडणात पडत नसे.

पानमळ्यात परक्याला घेत नाहीत. चपला दाराशी काढायच्या, पाय धुवायचे, मगच आत. परक्याच्या पायानं रोग येतो म्हणतात, नजरेनंही येतो म्हणतात. सोपानला मात्र निमगाव केतकीच्या कुठल्याच मळ्यानं कधी अडवलं नाही. गोकुळआबांच्या मळ्यात तर तो लग्नाच्या आधीपासून जात होता. त्यानं आयुष्यात काय मिळवलं असं कुणी विचारलं असतं, तर एवढंच सांगता आलं असतं, की त्याला दारात कुणी 'कोण' म्हणून विचारत नाही.

त्या वर्षी सरकारनं एक स्पर्धा काढली. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत एका रविवारी पिवळ्या टोपीतली काही माणसं फिरतील. त्यांना शोधायचं, फोटो काढायचा, मोबाइलवरून जितक्या जणांना पाठवता येईल तितक्यांना पाठवायचा. संकटाच्या वेळी बातमी किती लवकर पसरते ते बघायचंय, असं कारण दिलं होतं. बक्षीस मोठं होतं.

कारणावर कुणाचा विश्वास बसला नाही. बक्षिसावर तर नाहीच.

"सरकार देतंय? काय घेतल्याबिगर?" टपरीवाला रतन म्हणाला.

"माणसं हुडकायला पोलीस हायती की. आपल्याला कशापायी कामाला लावत्यात?"

"आपल्याला सवय लावत्यात. आज टोपी दाखवा म्हणत्यात. उद्या म्हणतील, कॅनॉलवर चोरून पाणी उपसायला कुणाची मोटार हाय ती दाखवा."

यावर हसू फुटलं आणि मध्येच विझलं. कॅनॉल जवळ होता, आणि मोटारी त्याहून जवळ. मागे ड्रोन दिसल्याच्या आवया उठल्या तेव्हा हीच माणसं काठ्या घेऊन जागली होती. आता प्रत्येकजण म्हणत होता, आपण काही यात पडणार नाही. आणि रविवारी सकाळी प्रत्येकाचा हात मोबाइलवर होता.

सोपान टपरीवर थांबत नसल्यामुळे त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या रविवारी त्याची पांढरी टोपी बायकोनं, द्वारकाबाईनं, धुवायला टाकली होती. खुंटीवर दुसरी होती, बारामतीच्या खतांच्या दुकानात फुकट मिळालेली. ती पिवळी होती. ती घालून तो सायकलवर निमगावला गेला, गोकुळआबांच्या मळ्यात दिवसभर वेली उतरवल्या आणि अर्धं काम राहिलं म्हणून उद्या येतो सांगून परतला.

सोमवारी सकाळी निघता निघता आबांचा फोन आला. "सोपाना, जरा दोन रोज थांब. मी सांगतो." कारण सांगितलं नाही.

रिकामं बसवेना म्हणून सोपान कळंबला एक काम विचारायला गेला. तिथं अंगणात धान्य निवडणाऱ्या बाईनं त्याच्याकडे बघितलं, खेळणाऱ्या पोराला ओढून आत घेतलं आणि दार लावलं. पारावरचा एकजण उठून मोबाइल समोर धरून उभा राहिला. सोपाननं मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं.

संध्याकाळी शेजारचा बुद्धघोष घरी आला. तो बारामतीला कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला होता. त्यानं आपला मोबाइल सोपानच्या हातात दिला. "काका, हे तुम्ही."

फोटोत सोपान पाठमोरा होता, मान जरा वळलेली, डोक्यावर पिवळी टोपी.

"पहिल्यांदा याच्यावर लिहिलं होतं, सापडला, निमगाव केतकी. बक्षिसासाठी. कळंबपर्यंत जाताना ते कुणीतरी काढून टाकलं. नुसतं राहिलं, हा माणूस दिसल्यास कळवा. आणि आता..." बुद्धघोष थांबला.

"आता काय?"

"आता लिहिलंय, पोरं हेरत फिरतो."

चुलीपुढून द्वारकाबाई उठली. "त्या टोपीला काडी लावा आधी."

"जाळली तर म्हणतील, पुरावा जाळला," सोपान म्हणाला.

"मी सगळ्या ग्रुपवर लिहिलं, हे आमच्या गावचे, चांगले गृहस्थ आहेत," बुद्धघोष म्हणाला. "तर एकानं विचारलं, तुम्ही त्याचे कोण? दुसऱ्यानं मला ग्रुपमधूनच काढलं. तहसील कचेरीनं टोपीवाल्यांची खरी नावं जाहीर केलीत, काका. त्यात तुमचं नाव नाही."

"मग झालं की."

"नाही ना. लोक म्हणतात, सरकार आपल्या खऱ्या माणसाचं नाव कधी सांगेल का?"

सोपाननं मोबाइल डोळ्यांजवळ धरला. तो फोटोकडे बघत राहिला. त्याच्या पायांत चपला नव्हत्या. पलीकडे मळ्याचं कूड दिसत होतं, आणि कुडाच्या भोकाला बांधलेला द्वारकाबाईच्या जुन्या लुगड्याचा निळा तुकडा. तो त्यानंच बांधला होता. रस्त्यावरून तो दिसत नाही. फोटो मळ्याच्या आतून काढलेला होता. आणि त्या दिवशी आत तो आणि आबा दोघंच होते.

सकाळी तो निमगावला गेला. सायकल लावली, चपला काढल्या, पाय धुतले आणि आयुष्यात पहिल्यांदा मळ्याच्या दारात थांबला. आत उतरवलेल्या वेली वेटोळी करून उघड्यावर पडल्या होत्या. कडेची पानं मान टाकत होती. गोकुळआबा पुढं आले.

"तुला थांब म्हणलं हुतं."

"आबा, फोटू तुमी काढला."

आबांनी नाकारलं नाही. धोतराचा सोगा झटकला. "व्हय. मी काढला."

"कशापायी?"

"तू कधी रंगीत टोपी घालतोस का? नेमकी त्याच दिशी घातलीस. मला वाटलं, तुला सरकारनं नेमलाय. आन् मला सांगितलं न्हाईस."

"मला? आबा, मला रेशनवाला वळखत न्हाय."

"तसलीच माणसं नेमत्यात. संशय येऊ नये म्हणून."

सोपानला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. "आन् बक्षीस मिळालं असतं तर?"

"तुला दिलं असतं की." आबा जरा थांबले. "थोडं."

"मग आता काय वाटतंय? नेमलेला हाय का न्हाय मी?"

आबांनी वाकून वाळत्या वेलीचं एक पान उलटून बघितलं. "काय वाटून घ्यावं तेच कळंना. नावं आली, तुझं न्हाय. न्हाय म्हणजे न्हाय का, का मुद्दाम न्हाय? वेली वाळाय लागल्यात, सोपाना. दुसऱ्या कुणाला आत घ्यायचा म्हणजे..." ते वाक्य त्यांनी सोडून दिलं. "ये आत. पर फोन भाईर ठेव."

सोपाननं खिशातून फोन काढला. बटनांचा, काच तडकलेली. "ह्यात फोटू निघत न्हाय, आबा."

"तरीबी."

सोपाननं तो आपल्या चपलेवर ठेवला. मग आबांच्या सदऱ्याच्या खिशाकडे बघितलं. "तुमचाबी ठेवा."

"मळा माझा हाय."

"फोटूबी तुमच्याच मळ्यातला हाय."

आबा लालबुंद झाले. मग त्यांनी मोबाइल काढून सोपानच्या दुसऱ्या चपलेवर ठेवला.

सोपान आत गेला. माती भुसभुशीत केली, पहिलं वेटोळं पुरलं, शेंडा शेवरीला लावला. आबा एरवी पाय धुवायच्या दगडावर बसत. आज ते वेलींच्या ओळीतच येऊन बसले, गुडघ्यावर हात ठेवून. बाहेर चपलांवर एक फोन थरथरला, थांबला, परत थरथरला. सोपानचे हात थांबले, आबांची मान दाराकडे वळली. कुणी उठलं नाही.

मग सोपान उठला आणि ओळीच्या दुसऱ्या टोकाला गेला. इतकी वर्षं तो याच बाजूनं काम धरत आला होता, आबांकडे पाठ करून. आज त्यानं उलट्या बाजूनं सुरुवात केली. त्यानं काम अवघड होत होतं, डावा हात नीट पोचत नव्हता. पण वेल बांधताना डोळे वर केले, की आबा समोर दिसत होते.