एका पायात चप्पल

"बसाले टाइम नाही वं," म्हणत माझी मैत्रीण कुणाच्याही दारातच उभी राहायची. एका पायात चप्पल, दुसरा पाय उंबऱ्याच्या आत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. चहा उभ्यानं पितात आणि कप कुठं ठेवला ते विसरतात.

यवतमाळला बी.एस्सी.ला आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. ती दारव्ह्याकडच्या बंजारा तांड्यावरची. तिच्या याडीची, म्हणजे आईची, बोटं तेव्हाच आखडायला लागली होती. आयुष्यभर आरशांचं भरतकाम केलेली बाई, पण सुईत दोरा ओवता येईना. डॉक्टर म्हणाले, शरीरच स्वतःच्या सांध्यांवर उठलंय. झालं, हिच्या डोक्यात किडा शिरला. "काहून उठते? घरच्याले काहून वयखत नाही?" मेसमध्ये पोळीचा तुकडा हातात धरून ती मलाच विचारायची, जणू मीच उठवलं होतं.

त्या एका प्रश्नामागे पायाला भिंगरी लावून ती पुण्याला गेली, पीएच.डी.ला बंगलोरला, मग थेट परदेशी प्रयोगशाळेत. रोगप्रतिकारशास्त्र हा शब्द ज्यांच्या तोंडात मावत नसे, त्यांना ती तांड्याच्या बोलीत सांगायची. आपल्या माणसाला गोर म्हणतात, बाहेरच्याला कोर. रक्तातल्या पेशीही हाच फरक शिकतात. याडीच्या पेशी शिकलेलं विसरल्या, एवढंच.

गेल्या दिवाळीत ती आली. मीही सोबत तांड्यावर गेले होते. तिची जीन्स, आखूड केस. ओट्यावरचं एक पोर तिला पाहून आत ओरडत गेलं, "कोर! कोर!" ती हसली. पण त्या दिवशी तिनं दोन्ही चपला काढल्या आणि याडीचे हात मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसून राहिली. तिला असं बसलेलं पाहून मलाच भीती वाटली. दुसऱ्या दिवशी ती परत गेली.

परवा याडीला भेटून आले. दोन्ही हातांची बोटं आता पार आत वळलीत. मला म्हणाली, "तिले सांग, याडीनं सुई ओवली. नाही तं काम टाकून पळत येईन थे."

मी फोनवर तसंच सांगितलं. मग तिनं विचारलं, "कोनत्या हातानं?"

मी फोन कानाशी घट्ट धरला. ती तिकडे येरझारा घालत असावी. एकाच चपलेचा आवाज येत राहिला.