स्कार्फवर बसणारा गॉगल

ऊन तापलं आणि लातूरच्या सिग्नलवर तोंडाला स्कार्फ बांधलेल्या पोरी दिसल्या, की मला माझी धाकटी जाऊ आठवते. तिचं तोंड एवढंसं. लग्नानंतर गालावर कोड आलं, तेव्हापासून ती बाहेर निघाली की स्कार्फ बांधायचीच. डोळ्याच्या डॉक्टरांनी गॉगल लावा म्हणलं, म्हणून आम्ही दोघी बाजारात गेलो. बाहेर डाळ मिलचा धुरळा, गॉगलच्या दुकानात कूलरचा ओला वाळ्याचा वास. ही आपली स्कार्फवरूनच एकेक गॉगल लावून बघायली. दुकानदार चाचा म्हणाले, "बेटी, चेहऱ्याला लावून बघा की, कपड्याला काय दाखवायलात?" मी म्हणलं, "सोड गं गाठ, इथं कोण हाय?" तिनं सोडली. चाचांनी बारक्या तपकिरी काचांचा एक काढून दिला. तो नाकावर असा बसला, की हसली तरी गालाला टेकेना. ती आरशात बघतच राहिली. "अक्का, लई दिवसांनी मी मलाच बरी दिसायले," म्हणाली. मग पुन्हा स्कार्फ बांधला, तर तोच गॉगल कानशिलं दाबायला लागला. "रोज तर हेच बांधायचंय ना," म्हणत तिनं अर्धं तोंड झाकणारा मोठा काळा घेतला. मला वाटलं, तो बारका पुढच्या खेपेला घेऊ. ती खेप काही झाली न्हाई. ती गेल्यावर भिंतीवर लावायला फोटो हुडकला, तर सगळ्यांत स्कार्फ आणि तो काळा गॉगल. शेवटी लग्नातला, नवरीचाच लावावा लागला. पण मला आठवते ती आरशातली, कोडासकट हसणारी, आणि तिचा तसला फोटो कुणाकडंच न्हाई.