अक्काला चालवता न येणारी गाडी

मंडळी, दुपारपासून कशातच मन लागत नाहीये, म्हणून इथे लिहितोय.

गेल्या आठवड्यात मी स्पोर्ट्स कार घेतली. तिचे दोन प्रकार होते. एक साधा, ऑटोमॅटिक. दुसरा जास्त ताकदीचा, पण फक्त गिअर-क्लचवाला. मी ताकदीचा घेतला.

आज माझी मोठी बहीण, अक्का, शिंदखेड्याहून जळगावला खास गाडी बघायला आली. गाड्यांचं वेड मला तिनेच लावलं. एका अपघातानंतर तिच्या डाव्या पायात क्लच दाबण्याइतका जोर राहिला नाही, म्हणून ती फक्त ऑटोमॅटिक चालवते. चालवते मात्र माझ्यापेक्षा सफाईने.

मी कौतुकाने किल्ली तिच्या हातात दिली. ती बसली, स्टीअरिंगवरून हात फिरवला आणि खाली बघून थांबली.

"भाऊ, हिले क्लच शे का?"

मी हो म्हणालो.

"मस्त शे गाडी," असं म्हणत ती सावकाश उतरली आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसली. "चाल, तूच चालाव."

हायवेवर मी गाडी पळवली. ती हसत होती, पण मला त्या वेगाची मजा येईना. साधी गाडी घेतली असती, तर आज तिने मला फिरवलं असतं. शोरूममध्ये मी इंजिनाबद्दल तासभर विचारत होतो. अक्काची आठवण एकदाही झाली नाही.

निघताना ती एवढंच म्हणाली, "पुढली गाडी लेवाना आधी माले सांगजो."

मंडळी, आवडीची वस्तू निवडताना तुमच्याकडूनही असं आपलं माणूस राहून गेलंय का?